मालिनेओची सुनावणी

१ जून, सोमवार

पोहोचले एकदाची मापुत्सोएला! मोखोत्लाँगहून निघालेली गाडी डोंगर उतरता उतरता दोनदा बंद पडली, माझ्या ट्रंकेवर कुणाची तरी कोंबडी बसून आली, आणि ती उतरेपर्यंत ट्रंकेची काय दशा झाली ते लिहायला नको. तरी मन असं हलकं आहे की विचारू नका. नोकरी! आणि तीही नावाला साजेशी. कामगार संबंध अधिकारी. बाबांनी गावात सांगून टाकलंय की आमची रेलेबोहिले जज्ज झाली. निघताना शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे गाईच्या भांडणात निवाडा मागितला.

खोली बरी आहे. कारखान्यातल्या बायकांना भाड्यानं देतात त्या ओळीतली, वर पत्रा. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि खिडकीच्या फटीतून वारा येत होता. मी ट्रंक उघडतेय तोवर शेजारची बाई न विचारताच आत आली, हातात गरम मोतोहोचा वाडगा. ज्वारीची आंबील ती, पण माझ्या आईच्या हातच्याहून आंबट. मला प्यायला लावली आणि स्वतः खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, उद्या बघते. तर म्हणाली, "ऑफिसातली ना तू? मग भोकं कोण बुजवणार, मॅनेजर?" मुलगी लिनेओ, म्हणून हिला सगळे मालिनेओ, म्हणजे लिनेओची आई, म्हणतात. मी तिला लगेच 'म्मे' म्हणायला लागले, घरी आईला म्हणते तसंच.

४ जून, गुरुवार

कारखान्यात आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही. सगळीकडे जीन्स. निळ्या कापडाची धूळ हवेत तरंगते, आणि बायकांची नखं निळी, रुमाल निळे, थुंकीसुद्धा निळी. माझी खोली शिलाईखात्याला लागून आहे, मध्ये मोठी काच. सुनावण्या इथंच होतात. काचेसमोरच म्मे मालिनेओचं मशीन, चेन बसवायचं. मान न उचलता काम करते, पण माझ्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, रडत गेलं की हसत, सगळं तिला ठाऊक. संध्याकाळी रस्त्यात मला सांगते, "त्या जाडीला दम देऊन सोडलंस ना? बरं केलंस. तोंडाची फाटकी आहे, पण हात सोन्याचा."

साहेब म्हणजे न्ताते लेकेना; वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं न्ताते म्हणायचंच. गोड बोलतात, कोटाला कायम संघटनेचा जुना बिल्ला. म्हणे एके काळी संपही केले होते त्यांनी. आज मी त्यांच्यासमोर कायदा घडाघडा म्हणून दाखवला. कुणालाही कामावरून काढायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, सोबत आपला माणूस आणू द्यायचा, मगच निर्णय. ते हसले. म्हणाले, तुमच्या रोमा गावच्या विद्यापीठात अजून तेच शिकवतात तर.

१३ जून, शनिवार

धुण्याच्या दगडावर लिनेओशी गट्टी झाली. ताई म्हणावं तसं मला 'आऊसी' म्हणते. शाळेचं शेवटचं वर्ष. नर्स व्हायचंय, म्हणून दिसेल त्याची नाडी बघते. माझी बघितली आणि तोंड गंभीर करून म्हणाली, "आऊसी, वाईट बातमी आहे. तुम्ही जिवंत आहात. उद्या परत कामावर जावं लागणार." म्मे मालिनेओ हसून हसून साबणाच्या पाण्यात बसली.

पोर पाणी आणायला गेल्यावर मात्र हळूच म्हणाली की ती मरमर मरते ती एवढ्याचसाठी. या पोरीनं कारखान्यातल्या त्या स्टुलावर बसता कामा नये.

मग आम्ही तिघींनी मिळून मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि पालकाची भाजी खाल्ली. मला या गावात घर मिळालं.

२२ जून, सोमवार

पहाटे म्मे मालिनेओनं दार वाजवलं. तिची आई अखेरच्या घटका मोजतेय, थाबा-त्सेकाच्या वर डोंगरात. पहिल्या गाडीनं निघाली होती. म्हणाली, "ऑफिसात तेवढं सांग, पोरी. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

मी गेल्या गेल्या साहेबांना सांगितलं. ते फोनवर होते. मान हलवली.

२९ जून, सोमवार

डोंगरात बर्फ पडलंय, घाट बंद. ती तिकडेच अडकली असणार. लिनेओ माझ्याकडे जेवते.

परदेशी गिऱ्हाइकानं मोठी मागणी रद्द केली. माणसं कमी करायची आहेत. रीतसर कपात केली तर संघटनेशी बोलणी, भरपाई, सगळं आलं. म्हणून साहेबांनी सोपी वाट काढली. न कळवता गैरहजर असलेल्यांनी काम आपणहून सोडलं असं धरायचं. कागद माझ्या टेबलावर ठेवले. त्यात मालिनेओ होती.

मी म्हटलं, हिनं कळवलं होतं, मी स्वतः तुम्हाला सांगितलं. त्यांना आठवत नव्हतं. मी म्हटलं, निदान ऐकून तरी घ्यायला हवं. ते अगदी मायेनं म्हणाले, "ऐक ना. नाही कोण म्हणतं? आल्यावर ऐक. आधी सही, मग सुनावणी." आणि मग, दारातून वळून, माझी स्वतःची नोकरी अजून कायम झालेली नाही याची आठवण करून दिली.

मी सही केली. ती आली की सुनावणी लावीन, पहिल्याच दिवशी परत घेईन. असं ठरवूनच केली.

३ जुलै, शुक्रवार

म्मे मालिनेओ परत आली. आई गेली. डोकं भादरलेलं, छातीशी सुतकाचं काळं फडकं, अंगावर मोठं तपकिरी ब्लँकेट टाचणीनं आवळलेलं. फाटकावर न्ताते पिट्सोंनी अडवलं. रखवालदार असले तरी माझ्या बापाच्या वयाचे, त्यांना बोलवेना, म्हणून मला बाहेर बोलावलं.

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुला तर सांगून गेले होते ना, पोरी?"

मी सांगितलं, बुधवारी सुनावणी आहे, सगळं ठीक होईल. तिचा चेहरा खुलला. माझे दोन्ही हात धरून तिनं माझे आभार मानले.

८ जुलै, बुधवार

आज गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला आली. साहेब म्हणाले, आज सुनावणी-बिनावणी नको. मी तिला फाटकावर जाऊन शुक्रवार सांगितला.

लिनेओला तिनं काहीच सांगितलेलं नाही. रोज पहाटे डबा घेऊन निघते आणि फाटकाबाहेर उभी राहते. मलाही शपथ घातलीय. पोरीची परीक्षा आहे.

१४ जुलै, मंगळवार

शुक्रवारही गेला. साहेब म्हणतात पुढच्या आठवड्यात.

सकाळी नळाला बर्फ होतं. ती भिंतीला टेकून उभी, खोकत. मी म्हटलं, म्मे, घरी जा, मी बोलवायला येईन. तर म्हणाली, "हाक मारली आणि मी नसले तर? पुन्हा म्हणतील, आपणहून गेली."

मी आत आले. काचेतून तिचं रिकामं स्टूल दिसतं. खुर्ची फिरवून बसले.

१७ जुलै, शुक्रवार

सकाळी न्ताते पिट्सोंना वाटलं ती झोपलीय.

भिंतीशी बसली होती, गुडघे पोटाशी, हात ब्लँकेटात. ब्लँकेटवर पांढरं दव गोठलेलं. पापण्यांवरसुद्धा. डबा उघडलेला नव्हता.

मला तिला हलवावं लागलं. हलली नाही.

२५ जुलै, शनिवार

आज मूठमाती दिली. जमीन इतकी कडक की माणसांनी कुदळी बदलून बदलून खणली. लिनेओचंही डोकं भादरलं. आपल्या आईला फाटकावर का जावं लागत होतं ते तिला आता कळलंय, पण सही कुणाची होती ते नाही. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मी ठेवू दिलं.

साहेब आले होते, हॅट काढून उभे राहिले. तिथंच मी त्यांना गाठलं आणि आईची जागा मुलीला द्या म्हणून हात जोडले. लगेच हो म्हणाले. तिला सांभाळणारं दुसरं कुणी नाही, खोलीचं भाडं आहे, पोट आहे. शाळा पुढच्या वर्षी करता येईल. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं.

बायका माझ्याकडे अशा का बघत होत्या?

३० जुलै, गुरुवार

लिनेओ कामाला लागली. आईसारखीच मान खाली घालून बसते. दुपारी म्हणाली, स्टूल फार गार आहे, कितीही वेळ बसलं तरी गारच. आणि हसून म्हणाली की कधी कधी मागे आई खोकल्यासारखं वाटतं. बरं वाटतं म्हणे, एकटं वाटत नाही.

न्ताते पिट्सोंनी मला बाजूला घेतलं. सकाळी बायकांच्या घोळक्यात एक ब्लँकेटवाली आत गेली. "देव तुमचं भलं करो, न्ताते" म्हणाली. आवाज त्यांनी ओळखला. मी त्यांना प्यायलात का म्हणून विचारलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "आऊसी, मी पीत असतो तर बरं झालं असतं. रोज फाटकात तिला मीच अडवत होतो. आता अडवायचा धीर होत नाही."

४ ऑगस्ट, मंगळवार

मी पाहिलं.

ऊन होतं. काचेतून सगळं खातं लख्ख दिसत होतं, इस्त्र्यांची वाफ, बायका, ट्यूबलाइटी. लिनेओच्या मागे ती उभी होती. तपकिरी ब्लँकेट, टाचणी, आणि त्या उकाड्यात ब्लँकेटवर पांढरं दव. वितळत नव्हतं.

रागावलेली नव्हती. गाडीत आपल्या जागेवर कुणी बसलं तर आपण कसं हलकेच खांद्याला हात लावतो, सरका म्हणून, तसा तिनं लिनेओच्या खांद्यावर हात ठेवला आणि ढकललं.

लिनेओ खोकायला लागली. तोच खोकला.

मी दार उघडून धावले तोवर तिथं कुणी नव्हतं. पोरीचे ओठ निळे. धुळीनं नव्हे.

६ ऑगस्ट, गुरुवार

लिनेओनं मोरीत नेऊन खांदा दाखवला. पाच पांढरे चट्टे, बोटांसारखे. कातडी मेलेली, टोचलं तरी कळत नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, थंडीनं बाधलंय, बर्फात होती का ही? कारखान्यात कुठलं बर्फ!

रात्रंदिवस खोकते. गाल बसले. पाठमोरी पाहिली तर कुणी प्रौढ बाई वाटावी.

७ ऑगस्ट, शुक्रवार

तिला म्हटलं, सुट्टी घे, घरी थांब. माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "गैरहजर राहिले तर मलाही काढाल ना, आऊसी?"

तिला कळलंय. सही कुणाची ते कुणीतरी सांगितलं. स्वतःचीच नाडी धरून बसली होती, मोजत.

साहेबांना म्हटलं, तिचं मशीन तरी बदला. म्हणाले, भावनेनं कारखाने चालत नाहीत. मी म्हटलं, कायद्यानंही चालत नाहीत. आवाज चढला माझा. त्यांच्या कोटावर आज बिल्ला नव्हता.

११ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी माझ्या दारात—

दार ढकललं नाही तिनं. टकटक केली. नेहमीसारखी, दोनदा. मी आपलं "या" म्हटलं, मान वर न करता.

गारठा आधी आला.

म्हणाली, "आज आहे का गं, पोरी?"

माझ्या तोंडून निघालं, उद्या. तीच सवय. उद्या.

तिनं मान डोलावली. आभार मानले.

मेली आहे हे तिला माहीतच नाही. हाकेची वाट बघतेय. मीच तिला तिथं उभं केलंय आणि मीच—

१२ ऑगस्ट, बुधवार

आज सुनावणी घेणार. साहेबांना विचारलेलं नाही. हुकूम रद्द करीन, तिला मोकळं करीन, मग जाईल ती. जायला हवी. सकाळपासून लिनेओ स्टुलावर धड बसू शकत नाहीये. घरी जा म्हटलं तर ऐकत नाही.

समोर खुर्ची ठेवली. दार उघडं ठेवलंय, सुनावणी उघड्या दारानं. कारखान्याच्या कागदावर नाही लिहिणार. इथंच लिहितेय.

नाव पुकारलं. मालिनेओ.

आली. बसली. दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी.

विचारलं, सोबत कुणी आणलंय का. म्हणाली, तू आहेस ना.

शाई गोठतेय. पेन तोंडाच्या वाफेवर धरून—

विचारलं, काय म्हणणं आहे. म्हणाली, कळवून गेले होते. आई वारली. घाट बंद होता. मी काम सोडलेलं नाही. बास, एवढंच सांगायचं होतं कुणालातरी.

मी वाचून दाखवलं. बडतर्फी चुकीची. हुकूम रद्द. चूक माझी, सही माझी. मालिनेओचं काम कधी सुटलेलंच नव्हतं.

ती रडली. खाली पडलं ते पाणी नव्हतं, गारांसारखं वाजलं.

आता जाल ना, म्मे, म्हणून विचारलं. आनंदानं म्हणाली, "जाते तर! मशीनवर जाते. तेवढं त्या बाईला उठव."

कोणती बाई.

"माझ्या जागेवर बसते ती. रोज सांगते, ऊठ बाई, ऊठ. ऐकत नाही. पाठमोरीच असते. डोकं भादरलेलं आहे, सुतकातली दिसते बिचारी. कोण गेलं असेल गं तिचं? वाईट वाटतं मला. पण काय करू, माझी पोर शाळेत आहे. आज सगळा जोर लावला. आता फार वेळ नाही टिकायची ती."

देवा.

सांगायलाच हवं. सांगते—

सांगितलं. सगळं. भिंत, डबा, मूठमाती. सुतक कुणाचं ते. स्टुलावर कोण ते.

हसली. म्हणाली, चेष्टा नको गं. लिनेओ शाळेत आहे.

नाही, म्मे.

लिनेओ शाळेत आहे.

नाही.

उठली. काचेकडे बघतेय. तोंड उघडलंय, आवाज नाही. आता आवाज— तिचं नाव, पोरीचं नाव, मोठ्यानं—

खात्यातली मशिनं थांबली. सगळ्यांना ऐकू गेलं.

लिनेओनं मान वळवली. उठली. धडपडत येतेय, स्टुलं पाडत, हात पसरून, म्मे, म्मे म्हणत. हसतेय पोर. किती दिवसांनी—

आणि ही दाराकडे— हिनंही हात— ब्लँकेट उघडून, पोरीला आत घ्यायला—

नको, म्मे, हात लावू नका, तिला जवळ घेऊ